आधी कौले, मग कपाटे: जुन्या फिल्म स्टुडिओचे गावाचे संग्रहालय कसे करावे

विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ उभे केले, म्हणून आपण नाट्यपंढरी म्हणून मिरवतो. सिनेमाच्या बाबतीत मात्र सांगलीकर लगेच कोल्हापूरकडे बोट दाखवून मोकळे होतात. तेही खरेच आहे. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी तिथली आणि 1929 साली प्रभात फिल्म कंपनी निघाली तीही तिथेच. पण दीनानाथ मंगेशकरांनी सांगलीत बलवंत पिक्चर्स काढली होती आणि 1934 साली ‘कृष्णार्जुन युद्ध’ पडद्यावर आणले होते, हे आपल्याच गावातल्या किती जणांना ठाऊक असते? सांगली, मिरज, सातारा, कराड या पट्ट्यात फ्लोअर (चित्रीकरणाचा मोठा हॉल), लॅब (फिल्म धुण्याची जागा), टॉकीज किंवा नाटक-सिनेमाच्या कंपनीचे बिऱ्हाड राहिलेल्या जुन्या वास्तू असतात. त्यातल्या एखाद्या वास्तूवर ‘इथे संग्रहालय व्हावे’ असा ठराव होतो, पेपरात फोटो येतो आणि पुढच्या पावसाळ्यात छपराची कैची, म्हणजे छप्पर पेलणारा लाकडी सांगाडा, खचते.

असे होते, कारण कामाचा क्रम उलटा लागतो. पुतळा, कमान, कोनशिला आणि काचेची कपाटे आधी ठरतात. मालकीचे कागद आणि छप्पर यांच्याकडे मागाहून लक्ष जाते. पुढे दिलेला क्रम थोडा कंटाळवाणा वाटेल, पण इमारत उभी राहायची तर तो मोडता येत नाही.

कागद

इमारत शहरात असेल तर नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रक काढा आणि गावात असेल तर 7/12. नुसता आजचा उतारा घेऊन थांबू नका, मागचे सगळे फेरफार काढा. सांगली संस्थानाच्या काळातली जागा असेल तर मूळ सनद किंवा भाडेपट्टा शोधावा लागतो. स्टुडिओच्या जागा पुष्कळदा ‘या कामासाठी’ म्हणून सवलतीने दिलेल्या असायच्या आणि ती अट आजही लागू असू शकते. उताऱ्यावर भोगवटादार वर्ग 2 दिसले तर हस्तांतरणाला शासनाची परवानगी लागते. चांगल्या वकिलाकडून 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट घ्या. बँकेचा बोजा, जुना भाडेकरू किंवा पुण्या-मुंबईला स्थायिक झालेली चौथी बहीण, हे सगळे तिथेच बाहेर येते.

वारसांना एकत्र बसवायचे काम समितीतल्या सर्वात वयस्क माणसाकडे द्या. वकिलाची नोटीस गेली की माणसे बिथरतात. काकांनी घरी जाऊन चहा घेतला की निदान बोलणे तरी सुरू होते.

मालक विकायला तयार नसतील तर दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा करा, पण तो नोंदणीकृतच हवा. साध्या स्टॅम्पपेपरवरची ‘समजूत’ पुढची पिढी मानत नाही. बक्षीसपत्र मिळाले तर सोन्याहून पिवळे. मालमत्ता घ्यायला विश्वस्त संस्था हवी. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 खाली धर्मादाय आयुक्तांकडे तिची नोंदणी करा. याचा एक मोठा फायदा लोकांच्या लक्षात येत नाही. या कायद्याच्या कलम 36 प्रमाणे विश्वस्त संस्थेची स्थावर मालमत्ता विकायला, गहाण टाकायला किंवा तीन वर्षांहून जास्त मुदतीने इमारत भाड्याने द्यायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. उद्या एखाद्या अध्यक्षाला बिल्डरचा मोह पडला तर हे कलम आडवे येते.

याच सुमारास महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या वारसा यादीत इमारतीचा समावेश व्हावा म्हणून अर्ज टाका. यादीत श्रेणी असतात. पहिल्या श्रेणीच्या इमारतीला आतबाहेर हात लावणे जवळपास बंद असते, तिसऱ्या श्रेणीत बरीच मोकळीक मिळते. गावच्या स्टुडिओला सहसा दुसरी किंवा तिसरी श्रेणी मागावी. पहिलीचा आग्रह धरला तर स्वच्छतागृह बांधायलाही अडचण येईल. यादीत नाव आले म्हणजे इमारत वाचली, असेही समजू नका. कोल्हापूरच्या जयप्रभा स्टुडिओसाठी 2022 साली कलावंतांना आणि शहरवासीयांना रस्त्यावर उतरावे लागले होते.

दुरुस्तीआधी नोंद

झाडूसुद्धा मारण्याआधी सगळ्या इमारतीचे फोटो काढा. प्रत्येक खोलीच्या चार भिंती, छत, जमीन, दारे-खिडक्या, बिजागऱ्या, खिळे, खुंट्या, सगळे. मग मोजमापे घेऊन नकाशे करा. वास्तुशास्त्र महाविद्यालयांना असे प्रकल्प हवेच असतात. इन्टॅक ही वारसा जतनाचे काम करणारी संस्था 1984 पासून देशभर आहे, तिच्या माणसांचा सल्ला घ्यावा.

स्टुडिओत काय शोधायचे ते माहीत हवे. मूकपटांच्या काळात चित्रण उन्हात चाले. म्हणून छपराचा काही भाग काचेचा असे किंवा वर पांढरे कापड ताणून ऊन मवाळ करत. त्या कापडाच्या तारांची कडी अजून भिंतीत असू शकतात. बोलपट आल्यावर आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गोणपाट, काथ्या किंवा नारळाच्या सोडणाचे थर लावले गेले. कैच्यांखालून लाइटमनना चालायला अरुंद फळ्यांचे कॅटवॉक आले. विजेसाठी जाड तांब्याच्या पट्ट्यांचा बोर्ड बसला. बाहेरून इमारत गोडाऊनसारखी दिसते आणि आत खांब नसलेला उंच फ्लोअर असतो. शेजारी मेकअपच्या खोल्या, सुतारकाम आणि साच्यांचा विभाग, सिमेंटच्या टाक्या असलेली अंधारी लॅब, आणि सगळ्यांपासून लांब रिळांची कोठी.

भिंतीचा रंग एकदम खरवडू नका. एखादा आडबाजूचा कोपरा निवडून तिथे हातभर लांबीची पट्टी आखा आणि धारदार पात्याने पायऱ्या-पायऱ्यांनी थर काढा. वरचा ऑइलपेंट, त्याखालचा डिस्टेंपर, त्याखाली चुन्याचे चार-सहा हात, आणि मध्येच एखादा काळपट करडा थर. तो करडा थर दिसला की थांबा. उजेड उलटून कॅमेऱ्यात जाऊ नये म्हणून भिंत गडद केलेली असण्याची शक्यता दाट असते. हा खरवडलेला पट्टा तसाच काचेखाली ठेवला तर भिंतच तारखेचे काम करते.

ही पाहणी चालू असतानाच जुनी माणसे गाठा. लाइटमन, सुतार, पडदे रंगवणारे, लॅबमधले, कँटीनवाले. त्यांची मुलाखत घरी बसून घेऊ नका, शक्य असेल तर फ्लोअरवर आणा. खुर्चीत बसलेला माणूस नटनट्यांचे किस्से सांगतो. तोच माणूस फ्लोअरवर उभा राहिला की ट्रॉलीचे रूळ कुठून कुठे जायचे, पाऊस पाडायचा पाइप कुठल्या कैचीला बांधायचे आणि दुपारी तीननंतर कुठल्या झरोक्यातून ऊन आत येऊन शॉट खराब व्हायचा, ते हात करून दाखवतो. किस्से मासिकांतून सापडतील. हे दुसरीकडे कुठेही सापडणार नाही. आवाज आणि चित्र दोन्ही टिपा, वापराची लेखी संमती त्याच दिवशी घ्या.

पुराचा आकडा

सांगलीत यावर वेगळा विभाग लिहावाच लागतो. 2005, 2019, 2021 चे महापूर. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेले. इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही पाठ असते.

पण संग्रहालयाला हवा असतो स्वतःचा आकडा. आयर्विनला किती फूट झाले की आपल्या फाटकात पाणी येते, किती झाले की पायरीला लागते आणि किती झाले की जोत्यावर चढते? शेजाऱ्यांना विचारा, भिंतीवरचे मातकट डाग मोजा, पाटबंधारे विभागाकडून निळ्या आणि लाल पूररेषेचा नकाशा घ्या. तिन्ही आकडे आतल्या भिंतीवर ठळक रंगवा. निळ्या रेषेच्या आत इमारत असेल तर नवे बांधकाम विसरा. जुन्याच वास्तूची दुरुस्ती करून जे बसते तेवढेच बसवा.

पुढचे सगळे निर्णय या आकड्यांवरून होतात. कागद, फोटो, रिळे आणि कपडे नेहमीसाठी वरच्या मजल्यावर. विजेचा मुख्य बोर्ड 2019 च्या खुणेच्या वर. खाली फक्त लोखंड, दगड आणि चाकांवर हलवता येईल असे फर्निचर. वरचा मजला नसेल तर फ्लोअरमध्ये पोटमाळ्याचा मोह होईल, पण आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. तेही जमत नसेल तर मूळ वस्तू उंचावरच्या दुसऱ्या जागेत ठेवून इथे प्रती मांडा. त्यात कमीपणा काही नाही. सांगलीजवळच्या हरिपूरला हळद साठवायची जमिनीखालची पेवे पिढ्यान्‌पिढ्या चालली आणि 2005 च्या पुराने त्यांची वाट लावली. पूर्वी कधी पाणी आले नव्हते, या बोलण्याला आता अर्थ उरलेला नाही.

छप्पर आणि भिंती

पहिला पैसा छपरावर. मंगलोरी कौले उतरवून फुटकी वेगळी करा. चांगली कौले धुऊन परत वापरता येतात, आणि पाडकाम चाललेल्या वाड्यांतून त्याच ठशाची जुनी कौलेही मिळतात. रिपा आणि वासे कुजले असतील तर बदला. सागवानी कैचीचे मात्र एकदम भंगार करू नका. बहुतेक वेळा कैची कुजते ती भिंतीत शिरलेल्या टोकाला, कारण तिथे पन्हळीचे पाणी मुरते. तेवढाच तुकडा कापून जुन्या सागाचा जोड देणारे सुतार अजून आहेत. सगळ्याच कैच्या बदलायचा सल्ला देणाऱ्या कंत्राटदाराने उतरवलेल्या सागाचा हिशेब आधी द्यावा.

कौलांऐवजी रंगीत पत्रा टाकू नका. पावसात आत बोललेले ऐकू येत नाही आणि उन्हाळ्यात फ्लोअरची भट्टी होते.

जुन्या प्रोजेक्शन रूममध्ये किंवा छतात राखाडी सिमेंटी पत्रे, दोऱ्या, तारांवरची वेष्टणे दिसली तर ती ॲस्बेस्टॉसची असू शकतात. कोरडी फोडू नका, झाडू नका. त्यांची धूळ फुप्फुसात बसते. जाणकार बोलावून, ओली करून, पिशव्यांत बंद करूनच काढायची.

भिंतींना सिमेंटचा गिलावा नको. काळ्या दगडाची आणि विटांची जुनी भिंत चुन्यातली असते, ती ओल घेते आणि सोडते. वर सिमेंट लावले की ओल आत कोंडते, पोपडे धरतात, लाकूड कुजते. पूर ओसरल्यावर तर हा फरक उघड दिसतो. चुन्याची भिंत हळूहळू सुकते, सिमेंट फासलेली कित्येक महिने रडत राहते. मुरवलेला चुना एक भाग, चाळलेली वाळू अडीच ते तीन भाग, आणि पाणी लागणाऱ्या भागात विटेची सुर्खी, म्हणजे भुकटी. जुने गवंडी त्यात गूळ आणि हिरड्याचे पाणी घालतात, त्यांना घालू द्या. गिलावा झाल्यावर ओले गोणपाट लावून ठेवायचे, उन्हात तडकू द्यायचे नाही. सांगायला सोपे आहे, पण चुन्यातले काम येणारा गवंडी मिळवणे हे या प्रकल्पातले सगळ्यात अवघड काम. वाड्यांची, मंदिरांची, घाटांची दुरुस्ती जिथे चालू असेल तिथे जाऊन विचारा. वाई, मेणवली, औंध, हरिपूर या बाजूला चौकशी करावी.

फ्लोअरची मोकळी जागा तोडू नका. पार्टिशन घालून आठ दालने करायची सूचना हमखास येते. स्टुडिओत पाहण्यासारखी सर्वात मोठी वस्तू म्हणजे तो खांब नसलेला, उंच, अंधारता येणारा फ्लोअर. त्यात एक साधा सेट, वर कॅटवॉकवर दोन दिवे, खाली कॅमेरा. दालने मेकअपच्या खोल्यांत करा.

रिळे

इमारतीत जुने पत्र्याचे डबे सापडले तर आनंदाने उघडत सुटू नका. साधारण 1950 पर्यंतची 35 मिमी फिल्म सेल्युलोज नायट्रेटची असू शकते. ती झपाट्याने पेटते, जळताना स्वतःच प्राणवायू सोडते, त्यामुळे पाण्याने किंवा दाबून विझत नाही. कुजत चाललेले रीळ तर आपल्या एप्रिल-मेच्या तापमानातही पेटण्याचा धोका असतो. पुण्यात 2003 साली लागलेल्या आगीत राष्ट्रीय फिल्म संग्रहालयाकडची नायट्रेटवरची जुनी रिळे जळून गेली. तज्ज्ञ संस्थेची ही गत, तर आपल्या माळ्यावर काय होईल?

ओळख अशी पटवा. मोकळ्या हवेत, सावलीत, आसपास आग किंवा विडी नाही याची खात्री करून डबा उघडा. फिल्मच्या कडेला इंग्रजी अक्षरांत ‘सेफ्टी’ किंवा ‘नायट्रेट’ छापलेले असते. कोडॅकच्या फिल्मवर चौकोन, वर्तुळ, त्रिकोण अशा खुणा असतात, त्यावरून फिल्म कोणत्या वर्षी बनली ते कळते. त्या दर 20 वर्षांनी पुन्हा येतात, म्हणून दुसरा पुरावाही लागतो. पिवळट-तपकिरी पडलेले, चिकट झालेले, वर फोड आलेले किंवा तपकिरी भुकटी झालेले रीळ बहुधा नायट्रेटचे. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ॲसिटेट. ते नायट्रेटसारखे भडकत नाही, पण आकसते, वाकडे होते आणि शेजारच्या रिळालाही लागण लावते.

नायट्रेटचे रीळ संग्रहालयात ठेवायचे नाही, हा नियमच करा. ते प्लॅस्टिकमध्ये बंद करू नका, प्रोजेक्टरवर चढवू नका, एसटीने किंवा कुरिअरने पाठवू नका. पुण्याच्या राष्ट्रीय फिल्म संग्रहालयाला कळवा. 1964 साली स्थापन झालेली ही संस्था आता एनएफडीसीच्या, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या, छत्राखाली आहे. फिल्म हेरिटेज फाउंडेशनही जतनाच्या कार्यशाळा घेते. रीळ त्यांच्याकडे सोपवून डिजिटल प्रत मागा. आपल्याकडे रिकामा डबा आणि त्यावरचे लेबल राहिले तरी पुष्कळ झाले.

फिल्म दाखवायची असेल तर हक्क तपासा. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून 60 वर्षे टिकतो. म्हणजे 1950 सालच्या चित्रपटाचा हक्क 2010 अखेर संपला.

वस्तूंची वही

आवाहन केले की घरोघरीच्या ट्रंका उघडतात. फोटो, पोस्टर, पगाराच्या चिठ्ठ्या, टोप, दागिने, कॅमेरा, एखादा आर्क लॅम्प आणि त्याच्या कार्बन कांड्या. वस्तू हातात घेण्याआधी पक्क्या बांधणीची वही घाला. संगणकात नोंद कराच, पण वही पाहिजे. एक नोंद अशी:

‘क्रमांक 2026/14. मेकअपची पत्र्याची पेटी, झाकणात आरसा, आरशाचा पारा डाव्या कोपऱ्यात गेलेला. लांबी 31 सेंमी. आत वाळलेल्या रंगाच्या तीन डब्या, एक तुटका कंगवा. देणार: कलावंताचा नातू. स्वरूप: कायमचे दान, दानपत्र फाइल क्र. 3. ठिकाण: मेकअप खोली 2, कपाट अ.’

‘स्वरूप’ या रकान्यावर सगळे भांडण अवलंबून असते. ठेव की दान? ठेव असेल तर किती वर्षांची आणि परत न्यायची तर किती दिवस आधी कळवायचे, हे लिहून सही घ्या. ‘आमच्या आजोबांचा कॅमेरा तुम्ही ढापला’ हे वाक्य दहा वर्षांनी ऐकायचे नसेल तर आज थोडे रुक्ष व्हा. सगळेच घ्यायचे असेही नाही. आपल्या भागाशी आणि या वास्तूशी संबंध नसलेली शंभरावी ग्रामोफोन तबकडी आदराने परत करा.

कपडे, पोस्टर आणि फोटोंवर 50 लक्सपेक्षा (लक्स म्हणजे उजेड मोजायचे एकक) जास्त उजेड नको. मूळ फोटो आत ठेवून भिंतीवर चांगली प्रत लावा. कपाटे भिंतीला चिकटवू नका, मागून हवा खेळली पाहिजे. वाळवीची पाहणी दर महिन्याला.

मांडणी आणि चालवणे

मुंबईत गुलशन महल या जुन्या बंगल्यात 2019 साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले. पुण्यात प्रभातच्या आवारात 1960 पासून चित्रपटाचे शिक्षण चालते. ही दोन्ही ठिकाणे समितीने जरूर पाहावीत, पण नक्कल करू नये. आपल्या जवळचा धडा सातारा जिल्ह्यातल्या औंधचा. तिथले संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 1938 साली टेकडीवर श्रीभवानी संग्रहालय बांधले. लहान संस्थान, पण प्रकाश कुठून यावा याचा विचार करून उभारलेली इमारत. तिथे वरून येणारा उजेड बघा आणि मग आपल्याकडचे स्पॉटलाइटचे कोटेशन पुन्हा वाचा.

पाट्या मराठीत, मोठ्या अक्षरांत, साठ-सत्तर शब्दांच्या. ‘थोर’, ‘अजरामर’ ही विशेषणे गाळा. लाइटमनला त्या काळी किती पगार होता ते मिळाले तर लिहा.

पैशासाठी चार दारे: केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाची संग्रहालय अनुदान योजना, जिल्हा नियोजन समिती, कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक दायित्वाचा निधी (वारसा जतन आणि ऐतिहासिक वास्तूंची दुरुस्ती कायद्यातच त्याच्या यादीत आहे), आणि लोकवर्गणी. संस्थेला आणि देणगीदारांना करसवलत मिळावी म्हणून आयकर खात्याकडची नोंदणी आणि मान्यता (जुन्या कायद्यातली 12अ आणि 80जी) लवकर करून घ्या. बांधकामाला पैसे मिळतात, पहारेकऱ्याच्या पगाराला मिळत नाहीत. म्हणून जमलेल्यातला ठरावीक हिस्सा पहिल्या दिवसापासून मुदत ठेवीत टाका आणि तो मोडायचा नाही असे संस्थेच्या घटनेतच लिहा. फ्लोअर एकांकिकांच्या तालमींना, शॉर्टफिल्मच्या चित्रीकरणाला भाड्याने द्या. लग्नाला देऊ नका. एकदा दिला की मंगल कार्यालय झालाच.

अग्निशमन दाखला, दोन बाहेर पडायचे मार्ग, रॅम्प आणि स्वच्छतागृह यांशिवाय दार उघडू नये. फ्लोअरचा मोठा सरकता दरवाजा वंगण घालून चालू ठेवा, संकटात तोच कामाला येतो.

दर मे महिन्यात

पन्हळी साफ, फुटकी कौले बदलून, झाडांच्या फांद्या छाटून. भिंतीवरचे पुराचे आकडे पुसट झाले असतील तर पुन्हा रंगवून. मग समितीची एकच बैठक, विषय एकच. आयर्विनला 30 फूट झाले आणि कोयना धरणाचा विसर्ग वाढला की कोण चावी घेऊन येणार, कुठल्या वस्तू आधी हलणार, टेम्पो कोणाचा आणि वस्तू कोणाच्या घरी जाणार. 40 फुटांची वाट पाहायची नाही, तोवर बाजारपेठच सामान हलवत असते आणि टेम्पो मिळत नाही. पाणी शिरलेच तर ओसरल्यावर आधी मेन स्विच बंद असल्याची खात्री, मग गाळ ओला असतानाच धुणे. एकमेकांना चिकटलेले ओले फोटो ओढून सोडवू नयेत. स्वच्छ थंड पाण्यात ठेवावेत, पाण्यातच अलगद सुटे करावेत आणि दोन दिवसांच्या आत सावलीत पालथे न घालता वाळवावेत. इतके जमणार नसेल तर पिशवीत घालून डीप फ्रीझरमध्ये, म्हणून टेम्पोवाल्याच्या खाली यादीत एका आइस्क्रीमवाल्याचाही नंबर लिहून ठेवावा.